गोळी बदलायच्या आधी कॅलेंडरचं पान दाखवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: वय ३१, चार वर्षांची मुलगी, मिहानमध्ये नोकरी. पाळीच्या आठ-दहा दिवस आधीपासून छाती भरून येते, पोट फुगतं, उगाच रडू येतं, आणि घरात कुणी नुसतं "चहा ठेवला का?" विचारलं तरी भांडण होतं. डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या, २१ पांढऱ्या आणि ७ लोहाच्या. दोन पाकिटं संपली. पोटदुखी निम्म्यानं कमी झाली, पण चिडचिड "आता महिनाभरच होऊन राहिली" आणि लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात डोकं ठणकतं. नणंद म्हणते, हार्मोनच्या गोळ्यांनी डोकं फिरतं, सोडून दे. तुम्ही विचारता, गोळी चुकीची आहे, की पीएमएस, म्हणजे हा पाळीच्या आधीचा त्रास, गोळीनं जातच नाही?

मी नागपुरात बावीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे "ही घ्या, ती सोडा" असं इथून सांगणार नाही. पण असा प्रश्न घेऊन कुणी समोर बसली की मी कुठून सुरुवात करते, ते सांगते.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. हा त्रास खरंच पाळीला बांधलेला आहे का? असेल, तर तुमच्या पाकिटातली गोळी त्यावर काम करणारी आहे का? आणि ही नवी, महिनाभराची चिडचिड गोळीनंच आणली का? पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढच्या दोघांना हात घालण्यात अर्थ नसतो. आणि बहुतेक वेळा नेमका पहिलाच कुणी विचारलेला नसतो.

नंदनवनकडच्या एक शिक्षिका काही वर्षांपूर्वी आल्या होत्या. मी त्यांना दोन महिने रोजची नोंद ठेवायला सांगितलं होतं. मोबाइलवर ॲप वगैरे त्यांना जमणारं नव्हतं, त्यांनी सरळ भिंतीवरच्या कालनिर्णयची दोन पानं फाडून आणली. प्रत्येक चौकोनात आधीच दुधाचा हिशेब होता: "दीड", "एक", "नाही". त्याखाली लाल पेनानं बारीक अक्षरं. चि म्हणजे चिडचिड, र म्हणजे रडू, छा म्हणजे छाती. पाळी आली त्या तारखेला गोल. १६-१७ तारखेपासून लाल अक्षरं दाटत गेलेली, २६ ला गोल, आणि २८ पासून पुढे चौकोनात दुधाशिवाय काही नाही. पुढच्या महिन्याच्या पानावरही तेच, दोन दिवस इकडेतिकडे. ही पानं पाहिल्यावर मला दुसरी कुठली तपासणी लागली नाही.

त्याच सुमारास दुसऱ्या एका बाईंचं पान आलं. त्यावर पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत लाल अक्षरं होती, गोलाच्या आधी जरा जास्त, एवढंच. त्यांना पाळीच्या आधीचा त्रास नव्हता. मुळात नैराश्य होतं आणि पाळीच्या आधी ते वाढायचं, जोडीला हिमोग्लोबिनही बरंच खाली. थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य, अर्धशिशी यांतलं काही पाळीच्या आधी उफाळून येतं, काही नुसतंच पीएमएसचा मुखवटा घालून बसतं. म्हणून मी पानावरची लाल अक्षरं मोजत नाही, कोरे चौकोन शोधते. पाळी सुरू झाल्यावर दोन-चार दिवसांत त्रास ओसरून निदान आठवडाभर पान कोरं राहिलं, तरच तो पीएमएस.

"मॅडम, मला आठवते ना, दरवेळी डेटच्या आधीच होते," असं सगळ्याच म्हणतात. आठवणीवर माझा भरवसा नाही. पाळीच्या आधी झालेलं भांडण लक्षात राहतं कारण त्याला कारण सापडतं, इतर दिवसांचं विसरून जातं. पीएमएसचंच तीव्र रूप म्हणजे पीएमडीडी. त्यात बाई कामाला जाऊ शकत नाही, नाती तुटायला येतात, जीव नकोसा होतो. २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली, आणि तिथेही पक्क्या निदानासाठी दोन पाळीचक्रांची रोजची नोंद मागतात.

आता हा त्रास होतो कसा, कारण गोळीचं कोडं तिथेच सुटतं. पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी अंडाशयातून बीज सुटतं. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे अंडाशयातलं हार्मोन वाढतं आणि पाळीच्या तोंडावर ते आणि इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन, दोन्ही खाली येतात. हे प्रत्येक निरोगी बाईत होतं. पीएमएस असणाऱ्या बाईचे हार्मोन कमीजास्त नसतात, तिचा मेंदू या नेहमीच्या चढउताराला जास्त हळवा असतो. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत एक शांतवणारा पदार्थ तयार होतो, काहींच्या मेंदूत तो उलटा वागतो. सेरोटोनिन या मेंदूतल्या, मूडशी संबंधित रसायनाचाही यात हात आहे. १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी एक सुंदर प्रयोग छापला. इंजेक्शननं अंडाशयाचं काम थांबवलं तेव्हा पीएमएसवाल्या बऱ्याच बायकांचा त्रास गेला. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं, तर त्रास परत आला. ज्यांना मुळात पीएमएस नव्हता त्यांना तेच हार्मोन देऊनही काही झालं नाही. म्हणून पीएमएससाठी चार हजारांचं "हार्मोन प्रोफाइल" करून आलेल्या बायकांचा रिपोर्ट नॉर्मल असतो आणि घरचे म्हणतात, बघ, तुला काहीच नाही. रिपोर्ट खरा आणि त्रासही खरा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र जरूर पाहावं.

यावरून तर्क सरळ दिसतो: बीज सुटणंच थांबवलं की चढउतार थांबेल, आणि त्रासही. संयुक्त, म्हणजे दोन हार्मोनची गर्भनिरोधक गोळी बीज सुटणं थांबवते. मग ती प्रत्येकीला लागू का पडत नाही? कारण गोळी अंडाशय झोपवते आणि वर स्वतःचे दोन हार्मोनही देते. ज्या बाईचा मेंदू प्रोजेस्टेरॉनला हळवा आहे, तिला आपण प्रोजेस्टेरॉनचीच बनावट बहीण, म्हणजे प्रोजेस्टिन, रोज खाऊ घालतो. काहींना ही बहीण मूळ बाईपेक्षा बरी वाटते, काहींना ती २१ दिवस सतावते. आधी दहा दिवस होणारी चिडचिड "महिनाभर" झाली, असं तुम्ही लिहिलंय, त्याचं एक कारण हे असू शकतं.

तुमच्या वर्णनावरून ते पाकीट माला-डी किंवा माला-एनच्या जातीचं दिसतं, म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल (हे प्रोजेस्टिन) ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिओल (हे इस्ट्रोजेन) ०.०३ मिलिग्रॅम. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतं, वाचून घ्या. गोळी वाईट नाही. गर्भनिरोधक म्हणून दशकानुदशकं वापरली गेलेली, स्वस्त, सरकारी दवाखान्यात फुकट. पोटदुखी आणि रक्तस्राव तिनं कमी होतो, तुमचाही झाला. पण पाळीआधीच्या मनाच्या त्रासावर अशा जुन्या गोळ्यांचा फायदा अभ्यासांत ठसठशीत दिसलेला नाही. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी पोटदुखीसाठी गोळी दिली असेल तर ती लागू पडली आहे. तुम्ही ती मूडसाठी घेत होता. दोघींमध्ये तेवढं बोलणं झालं नसावं. आमच्या ओपीडीत एका पेशंटला जेमतेम पाच-सात मिनिटं मिळतात, त्यात "तुमचा नेमका कोणता त्रास तुम्हाला सगळ्यात जास्त छळतो?" हा प्रश्न राहून जातो. माझ्याकडूनही राहिलेला आहे.

मूडसाठी जिचा पुरावा आहे ती गोळी वेगळी: ड्रॉस्पायरेनॉन ३ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिओल ०.०२ मिलिग्रॅम, २४ दिवस गोळी आणि फक्त ४ दिवस सुट्टी, म्हणजे हार्मोनशिवायचे दिवस. ड्रॉस्पायरेनॉन हे प्रोजेस्टिन स्पायरोनोलॅक्टोन या लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या नात्यातलं आहे, म्हणून अंगावरची सूज, पोट फुगणं, छातीचं जडपण यात ते जरा मदत करतं. २००६ मध्ये अमेरिकेत या गोळीला पीएमडीडीसाठी मान्यता मिळाली, तीही ज्या बायकांना गर्भनिरोधक हवंच आहे त्यांच्यासाठी. पण आकडा ऐका. पीएमडीडीच्या मुख्य चाचणीत ही गोळी घेणाऱ्या १०० पैकी ४८ जणींचा त्रास निम्म्यावर आला, आणि औषध नसलेली दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या १०० पैकी ३६ जणींचाही आला. फरक आहे, पण जादू नाही. शिवाय असे अभ्यास तीनेक महिन्यांचेच आहेत. मी ही गोळी देते तेव्हा हे दोन्ही आकडे सांगून देते.

आता लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यातली डोकेदुखी. इथे माझी एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत बँकेत काम करणारी एक मुलगी आली. मी तिला २१ दिवसांची गोळी दिली. तिसऱ्या महिन्यात येऊन म्हणाली, "मॅडम, तीन आठवडे एकदम मस्त जाते, चौथ्यात मरण येते." मी म्हटलं, बसेल हळूहळू. ती पुन्हा आली नाही. तिनं मला उत्तर आयतं आणून दिलं होतं आणि मला ते वाचता आलं नाही. त्या सात दिवसांत हार्मोन धाडकन खाली येतात, म्हणजे ज्या उताराला तिचा मेंदू हळवा होता तोच उतार आम्ही दर महिन्याला ठरवून घडवत होतो. लोहाच्या गोळीत हार्मोन नसतो, ती फक्त रोजची सवय मोडू नये आणि रक्त वाढावं म्हणून असते.

आज मी अशा बाईला सुट्टी कमी करून देते, किंवा दोन-तीन पाकिटांतल्या फक्त हार्मोनच्या गोळ्या सलग घ्यायला सांगते आणि मग चार दिवस थांबायला. पाकिटातल्या सगळ्या हार्मोनच्या गोळ्या सारख्याच ताकदीच्या असल्या तरच हे जमतं, आणि डॉक्टरांना विचारूनच करायचं. अधूनमधून डाग लागतात, विशेषतः सुरुवातीला. लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग रक्त आत साठते का?" नाही साठत. गोळीवर असताना गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं, साठायला काही नसतं. गोळीवर येणारी पाळी ही खरी पाळी नसतेच, गोळी थांबवल्यामुळे आलेला स्राव असतो तो.

नणंदेचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. डेन्मार्कमध्ये दहा लाखांवर मुली-बायकांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ मध्ये आला. संयुक्त गोळी घेणाऱ्यांत नैराश्यावरचं औषध पहिल्यांदा सुरू होण्याचं प्रमाण, न घेणाऱ्यांच्या साधारण सव्वापट दिसलं. किशोरवयीन मुलींत त्याहून जास्त. गोळीनंच ते झालं असं या प्रकारच्या अभ्यासातून सिद्ध होत नाही, आणि बहुतेक बायकांना गोळीवर काही होत नाही. पण आधी कधी नैराश्य आलं असेल, बाळंतपणानंतर मन खूप खचलं असेल, तर मी ते विचारून घेते आणि सहा आठवड्यांनी परत बोलावते. तुम्ही मुलीच्या वेळचं काही लिहिलेलं नाही. तुमच्या डॉक्टरांना सांगा.

नणंदेनं स्वतः कोणती "हार्मोनची गोळी" घेतली होती, हेही जरा विचारा. आपल्याकडे महालक्ष्म्या बसायच्या आठवड्यात मेडिकलवर (नागपुरात मेडिकल म्हणजे दुकान की हॉस्पिटल हे संदर्भानं समजून घ्यावं लागतं, इथे दुकान) पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची रीघ लागते. ती नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. तिनं फुगणं, छाती दुखणं, चिडचिड होऊ शकते, आणि सोळा भाज्या चिरताना ती चांगलीच जाणवते. ते वेगळं औषध, वेगळा डोस. त्या अनुभवावरून रोजच्या गोळीला नावं ठेवणं बरोबर नाही. आणि ती गोळीसुद्धा न विचारता दरवर्षी घेण्यासारखी नाही.

बाकी साधनांबद्दल एकच प्रश्न विचारायचा: यानं अंडाशय झोपतं का? छाया किंवा सहेली ही गोळी, म्हणजे लखनौच्या सीडीआरआय या औषध संशोधन संस्थेनं शोधलेली सेंटक्रोमन, हार्मोनची नाही आणि बीज सुटणं थांबवत नाही, त्यामुळे पीएमएसवर तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. कॉपर-टीसारखंच गर्भाशयात बसवायचं, पण हार्मोन असलेलं जे साधन असतं, त्यानं रक्तस्राव खूप कमी होतो, पण बहुतेकींचं अंडाशय चालूच राहतं. अंतरा हे दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन अंडाशय झोपवतं, पण त्यात नुसतं प्रोजेस्टिन आहे, आणि मूड बिघडला तर तीन महिने ते परत काढून घेता येत नाही. मूडचा त्रास मुख्य असेल तर मी ते पहिलं निवडत नाही.

गोळी कुणाला द्यायचीच नाही, हे जास्त महत्त्वाचं. तुमच्या डोकेदुखीबद्दल मला एक गोष्ट आत्ताच विचारायची आहे: डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमचमत्या नागमोडी रेषा दिसतात का, अर्धं दिसेनासं होतं का, हात किंवा ओठ बधिर होतात का? उत्तर "हो" असेल तर इस्ट्रोजेन असलेली कोणतीही गोळी बंद, आणि लगेच डॉक्टरांना फोन. अशा अर्धशिशीत गोळीनं पक्षाघाताचा धोका वाढतो. बीपी जास्त असणं, पायात किंवा फुप्फुसात आधी गुठळी झालेली असणं, पस्तिशीनंतर धूम्रपान, स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार, यांतही नाही. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन आणि फिटांची काही औषधं गोळीचा असर कमी करतात. ड्रॉस्पायरेनॉनवाली घेताना किडनीचा त्रास नको, आणि दुखण्याच्या गोळ्या रोज खायची सवय असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं नाही ना, ते तपासून घ्यावं.

विदर्भात मी आणखी एक विचारते: घरात कुणाला सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे का, तुमची तपासणी झाली आहे का? एएस, म्हणजे नुसती वाहक, असेल तर सहसा गोळी अडत नाही. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार, असेल तर रक्ताच्या गुठळीची भीती आधीच असते. २०२४ च्या अमेरिकी मार्गदर्शनात अशा बाईंना इस्ट्रोजेनची गोळी देऊच नये असं म्हटलंय. जागतिक आरोग्य संघटना इतकी कडक नाही, पण मी देत नाही.

गुठळीचे आकडे घाबरवण्यासाठी देत नाही, ताळमेळ कळावा म्हणून देते. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला १ ते ५ जणींना गुठळी होते, संयुक्त गोळीवर ३ ते ९, ड्रॉस्पायरेनॉनवालीवर सुमारे १०, आणि गरोदरपणात ५ ते २०. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

गोळी नको असेल किंवा चालत नसेल, तर मनाच्या त्रासावर सगळ्यात भक्कम पुरावा सेरोटोनिनवर काम करणाऱ्या औषधांचा आहे, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन वगैरे. नाव ऐकताच "मला वेड लागलं का?" असा चेहरा होतो. नैराश्यात ती रोज घ्यावी लागतात आणि असर यायला आठवडे जातात. पीएमएसमध्ये मात्र अनेकींना पाळीच्या आधीचे चौदा दिवसच पुरतात आणि फरक काही दिवसांत दिसतो. कॅल्शियम, आहार धरून दिवसाला १२०० मिलिग्रॅम, साध्या त्रासात देऊन पाहण्यासारखं. बी-६ जीवनसत्त्व १०० मिलिग्रॅमच्या वर नको, जास्त दिवस जास्त डोस घेतला तर हातापायांच्या नसा बधिर होतात. चालणं, झोप, त्या आठवड्यात खारट कमी. तर्री-पोहे सोडा असं मी नागपूरकर म्हणून कुणाला सांगत नाही, पण फुगत असाल तर वरचा चिवडा कमी करा.

आईनं की सासूनं कुणीतरी "दुसरं मूल राहणार नाही" म्हटल्याचं शेवटी लिहिलंय. गोळी थांबवल्यावर अंडाशय काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत कामाला लागतं. गोळीनं वंध्यत्व येत नाही.

तर तुम्ही माझ्यासमोर असता तर क्रम असा ठेवला असता. आधी बीपी आणि डोकेदुखीची चौकशी. ती निर्धोक निघाली तर हे पाकीट मध्येच टाकायचं नाही, संपवायचं, कारण सुरुवातीचा बराच त्रास तिसऱ्या महिन्यापर्यंत बसतो. सोबत रोजची नोंद, आणि तारखेशेजारी पाकिटातली कितवी गोळी तेही. चिडचिड सुट्टीच्या आठवड्यात गोळा झालेली दिसली तर सुट्टी कापायची. पांढऱ्या गोळ्यांच्या २१ दिवसांत पसरलेली दिसली तर हे प्रोजेस्टिन तुम्हाला मानवत नाही, मग ड्रॉस्पायरेनॉनवाली किंवा गोळीच बंद. गोळी बंद करून दोन महिने नोंद ठेवली आणि तरी कोरे चौकोन सापडले नाहीत, तर विषय पाळीचा नाही, आणि मी तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवीन. गोळी थांबवलीत तर त्याच दिवसापासून दुसरं गर्भनिरोधक मात्र लागेल, हे चिडचिडीच्या नादात विसरायला होतं.

एका गोष्टीसाठी मात्र महिनाभर वाट पाहायची नाही. जगणं नको वाटलं, स्वतःला किंवा मुलीला इजा करण्याचा विचार आला, मग तो पाळीच्या आधीचा असो की नंतरचा, तर त्याच दिवशी घरातल्या एकाला सांगा आणि डॉक्टरांना भेटा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

नोंद झाली की पान इथे टाकू नका, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. दुधाचा हिशेब असला तरी चालेल.